हयात असल्याचा दावा

शनिवारी सकाळी साडेसातला केराबाई वारली आणि पावणेआठला दाक्षायणीनं तिला परत जिवंत केलं. दोन्ही गोष्टी संगणकावर झाल्या.

इंटरनेटवरचा तो मराठी ज्ञानकोश कुणीही वाचावा आणि कुणीही त्यात भर घालावी, अशी त्याची रीत होती. साहजिकच कुणीही त्यात घाण करावी, अशीही रीत पडली होती. सोलापूरच्या भवानी पेठेत राहणारी दाक्षायणी हत्तुरे गेली अकरा वर्षं ती घाण काढत होती. त्याआधी सव्वीस वर्षं तिनं एका दैनिकात मुद्रितं तपासली. ते खातं मालकांनी बंद केलं, पण दाक्षायणीची नजर काही बंद झाली नाही. चारशे बारा पानांवर तिचा पहारा असे. शाळेची पोरं किल्ल्यांच्या पानांवर मित्रांना शिव्या लिहून जात. पुढाऱ्यांचे कार्यकर्ते साहेबांच्या नावाआधी विशेषणांची माळ चढवत. सकाळचा चहा होईस्तोवर ती दोन्हींचा निकाल लावून टाकी.

"गावाचा केर काढतेस," तिचा नवरा गुरुशांत म्हणे, "आणि आपल्या माळ्यावर जळमटं लोंबतायत."

"माळ्यावरची जळमटं कुणी खरी मानून छापत नाही," दाक्षायणी म्हणे.

केराबाईचं पान तिनं स्वतः लिहिलेलं होतं. मंगळवेढ्याच्या पुढं करंजमाळ नावाची वस्ती आहे. तिथली ही मेंढरं-शेरडं राखणाऱ्या घरातली अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई. तिला शेकड्यांनी ओव्या पाठ, आणि गळा असा की माळावर गायला लागली की पलीकडच्या ओढ्यातली माणसं हातातलं काम थांबवत. दाक्षायणी चार वेळा एसटीनं तिच्याकडं गेली होती. पानातल्या प्रत्येक वाक्याला तिनं पुस्तकाचा किंवा मासिकाचा आधार दिला होता. पुढच्या आठवड्यात रविवारी सोलापुरातलं एक सांस्कृतिक मंडळ केराबाईला पुरस्कार देणार होतं आणि त्याच मंचावर तिचं गाणंही ठेवलं होतं. शहरात, तिकीट लावलेल्या सभागृहात, केराबाई पहिल्यांदाच गाणार होती.

अशा बाईच्या पानावर कुणीतरी लिहिलं होतं, "केराबाई यांचे आज पहाटे राहत्या घरी निधन झाले." लिहिणाऱ्या खात्याचं नाव होतं 'करंजमाळ७'. आधार काहीच नाही. दाक्षायणीनं ते वाक्य काढलं आणि केराबाईच्या सुनेला, सुकन्याला, फोन लावला.

"केराबाई आहेत का गं?"

"आत्याबाई व्हय? शेरडं घिऊन गेल्यात की माळाला." मागं कुणीतरी पुरुष काहीतरी ओरडला. सुकन्यानं घाईघाईनं "ठिवते ताई" म्हणून फोन बंद केला.

आठ वाजता ते वाक्य पुन्हा आलं. दाक्षायणीनं पुन्हा काढलं आणि त्या खात्याच्या चर्चेच्या पानावर पहिली ताकीद लिहिली. नऊला ते पुन्हा आलं. आता मात्र तिच्या कपाळाची शीर उडायला लागली. हे पोरकट काम नव्हतं. कुणीतरी गावातलाच, बहुधा भावकीतला, म्हातारीच्या सन्मानावर जळून हे करत होता. जिवंत बाईला मारून टाकायचं आणि तेही तिच्या वस्तीचं नाव लावून! तिनं वाक्य काढलं, दुसरी ताकीद दिली आणि प्रचालकांच्या, म्हणजे कुलूप लावायचा अधिकार असलेल्यांच्या, सूचनाफलकावर नोंद केली: "'करंजमाळ७' हे खाते केराबाई यांच्या पानावर जे काही करील ते उलटवावे. खाते बंद करावे. पानास कुलूप लावावे." वाक्यं तिनं दोनदा वाचली. पळवाट कुठंही राहिलेली नव्हती.

"झालं का?" गुरुशांत दारात बॅग घेऊन उभा होता. अक्कलकोटला भाचीचं लग्न होतं. "साकु गं, पुरे आता. तिथं नवरी बोहल्यावर चढेल आणि तू अजून कुणाचं तरी उलटवत बसशील."

लग्नघरात दोन दिवस फोन पर्समध्ये राहिला.

सोमवारी दुपारी परत येऊन तिनं संगणक उघडला, तर केराबाईच्या जन्मसालापुढं मृत्यूचं साल छापलेलं होतं. पानाला कुलूप होतं. आणि त्या सालाला चक्क आधार जोडलेला होता, शहरातल्या एका दैनिकाच्या संकेतस्थळावरच्या बातमीचा. 'ओवीचा सूर हरपला', शनिवार, दुपारी एक वाजून चाळीस मिनिटं. बातमीचा पहिला परिच्छेद शोकाचा. दुसरा परिच्छेद दाक्षायणीनं वाचला आणि तिचे कान तापले. तो तिचाच होता. ज्ञानकोशातल्या पानावरून शब्दन् शब्द उचललेला. तिनं एके ठिकाणी दिलेला अर्धविरामसुद्धा जागचा हलला नव्हता.

म्हणजे तिसऱ्यांदा टाकलेलं वाक्य काढून ती निघाली, त्यानं ते चौथ्यांदा टाकलं, वर्तमानपत्रानं ते पाहून बातमी केली, आणि ज्ञानकोशातल्या कुण्या सज्जनानं ती बातमी त्याच वाक्याला आधार म्हणून लावली. चोराला साक्षीदार त्याच्याच सावलीतला चोर.

मंगळवारी दहा वाजता तिनं प्रभुला फोन केला. प्रभु हा प्रचालक. नागपूरला बँकेत नोकरीला, सौम्य माणूस. सात वर्षांची ओळख, पण तोंड कधी पाहिलेलं नाही.

"मॅडम, तुम्ही सांगितलं तसंच केलं मी," तो म्हणाला. "ते खातं बंद केलं, पान कुलूपबंद केलं."

"पण चुकीच्या मजकुरावर कुलूप लावलंत. बाई जिवंत आहे."

"असेलही. पण मजकुराला आता आधार आहे. ती जिवंत आहे, याला आधार काय?"

"ती स्वतः!"

"ती कुठं छापून आलेली नाही ना, मॅडम." तो खरोखरच कळवळून बोलत होता. "तुम्हीच मला हा नियम शिकवलाय. ऐकीव, पाहिलेलं, माहितीतलं, काही चालत नाही. छापील हवं."

दैनिकातल्या मुलानं फोनवर शांतपणे सांगितलं, "आम्ही ज्ञानकोशावरून घेतलं होतं. तिथं अजून तसंच आहे की. तिथं बदललं की कळवा, आम्हीही बदलू."

"तुमच्या बातमीमुळं तिथं तसं आहे."

"आणि तिथल्यामुळं आमच्याकडं आहे. बघा ना, कशी गंमत असते!"

दाक्षायणीनं त्याला गंमत म्हणजे काय असते ते सांगितलं. सव्वीस वर्षांत आपण एकाही जिवंत माणसाला मारलं नाही, हेही सांगितलं. त्यानं फोन कधी ठेवला ते तिला कळलं नाही.

खरा दणका मंडळाचे सचिव कल्लप्पा बिराजदार यांनी दिला. "हो तर! आम्ही पुरस्कार मरणोत्तर केलाय," ते अभिमानानं म्हणाले. "गाण्याच्या जागी दुसऱ्या बाई ठरवल्या. स्मरणिका शुक्रवारी दुपारी बाराला छपाईला चाललीय. केराबाईंवर एक अख्खं पान आहे, बरं का."

"त्या हयात आहेत, बिराजदार."

"असं म्हणता? पण पेपरात आलंय. ज्ञानकोशातही आहे. तिथं बदललेलं दाखवा, लगेच करतो."

स्मरणिका. छापलेली, मंडळाच्या नावाची, ग्रंथालयांना वाटली जाणारी. वर्तमानपत्राचं संकेतस्थळ उद्या बदलेल, पण एकदा स्मरणिकेत छापलं की केराबाईच्या मरणाला कागदी आधार मिळाला. मग ती शंभर वर्षांची होऊन गायली तरी ज्ञानकोशात मेलेलीच राहणार होती. शुक्रवार दुपारी बारा. दाक्षायणीला अंतिम वेळ पाळायची सवय होती, पण माणूस जिवंत ठेवण्यासाठी अंतिम वेळ तिला कधी कुणी दिली नव्हती.

बुधवारी सकाळच्या गाडीनं ती मंगळवेढ्याला आणि तिथून वडापच्या जीपनं करंजमाळला गेली. दोन कामं होती. केराबाईला घेऊन यायचं आणि 'करंजमाळ७' कोण आहे ते शोधून त्याची चांगली हजेरी घ्यायची.

केराबाई घरापुढं बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. दाक्षायणीला पाहून तिनं सूप बाजूला सारलं.

"या दाक्षाबाई. कुणाच्या मयताला आलासा?"

"तुमच्या."

"मग बसा. अजून उशीर हाय." तोंडाला पदर लावून ती हसली. "मला काल कळलं. शेजारच्या बाळाबाईनं इच्यारलं, म्हातारे, तू मेलीस म्हणं. म्या म्हनलं, कवा? ती म्हणाली, शनिवारी. शनिवारी तर मी हिच्याकडनं पीठ उसनं आणलंया." तिचा आवाज चढला. "त्या मंडळवाल्यांनी एकदा तरी इच्यारायचं! हितं माणूस धाडायचं, न्हाईतर फोन तर लावायचा. वरीसभर घासून ठिवलीय मी ती ओवी. आता ती दुसरी बाई गाणार म्हणं!"

दाक्षायणी उठली. "हे कुणी केलं ते मी शोधून काढते. तुमच्या भावकीतलाच कुणीतरी आहे. त्याचं खातं तर मी बंद केलंच आहे."

तेवढ्यात गोठ्याच्या भिंतीआडून केराबाईचा मुलगा सिद्धराम पुढं आला. चाळिशी ओलांडलेला, चिंचोळीच्या एमआयडीसीत कारखान्यात कामाला. आज साप्ताहिक सुट्टी म्हणून घरी होता. त्यानं बायकोकडं पाहिलं, आईकडं पाहिलं, आणि हात जोडले.

"म्याच त्यो, बाई."

सुकन्यानं मान फिरवली.

"शुक्रवारी आई पाण्याला वाकली हुती, तवा कावळा तिच्या डोक्यावर बसला. पंजा लावला. सगळ्यांनी बघितलं." तो जमिनीकडं बघत बोलत होता. "आमच्यात त्याला उपाय हाय. माणूस मेलं म्हणून पावण्यांना खोटाच सांगावा धाडायचा. पावणं रडलं की ते मरण तितंच फिटतं. दिवस मावळला की खरं काय ते सांगायचं आन गूळ वाटायचा. आज्ज्याच्या येळंला असंच केलं हुतं, त्यो पुढं वीस वरसं जगला."

"मग पाहुण्यांना सांगायचं होतं!"

"सांगितलं की. जतच्या भनीला फोन केला. तिनं व्हिडिओवर घेतला, मागं आई शेंगा फोडत बसलेली. लागली हसायला. आता फोनवर कोण रडतंय, बाई? लगीच खरं कळतंय." त्यानं मान वर केली. "तवा म्हनलं, तुमच्या त्या पानावर लिवावं. तितं लिवलं की लोकांना खरं वाटतं. तुमी तीन बार खोडलं. हिनं फोनवर खरं सांगून टाकलं म्हणून मला परत परत लिवावं लागलं."

"गप बसा," सुकन्या म्हणाली. "मला काय म्हाईत तुमी काय लिवताय? फोन आला, म्या सांगितलं."

"आणि लोक रडल्यावर?" दाक्षायणीनं विचारलं. "खरं सांगायचं राहिलं?"

"न्हाई बाई. दिवा लावायच्या टायमाला म्या सवता खोडलं. मरण काढून टाकलं. तर धा मिंटात कुणीतरी ते परत घातलं. माझं खातं बंद. पानाला कुलूप. मी काय करू?"

दाक्षायणीनं पर्समधून फोन काढला आणि पानाचा इतिहास उघडला. तिथं ओळीनं सगळं होतं. शनिवार, संध्याकाळी सहा बत्तीस: 'करंजमाळ७' यांनी मृत्यूचा मजकूर काढला. सहा एकेचाळीस: प्रभु यांनी तो परत आणला. कारण: "सूचनाफलकावरील विनंतीनुसार."

जे काही करील ते उलटवावे.

सोमवारपासून तीन दिवस ती शहरभर भांडत होती आणि हा इतिहास तिनं शेवटपर्यंत वाचला नव्हता. सहा बत्तीसची नोंद तिला दिसली होती. त्या खात्याचं नाव पाहूनच ती पुढं गेली होती. शनिवारी त्या पानावर संध्याकाळी एकच खरी गोष्ट लिहिली गेली आणि ती तिच्या हुकमानं पुसली गेली.

"सिद्धराम," ती म्हणाली, "तुमचं चुकलं. देवाचा उपाय तुम्ही छापील जागेवर करायला नको होता. पण तुम्ही जे केलं ते परत घेतलं. परत घेऊ दिलं नाही ते मी."

तिथंच, शेंगांच्या सुपाशेजारी बसून, तिनं चर्चेच्या पानावर स्वतःची चूक लिहिली, वेळांसकट. प्रभुचं उत्तर पंधरा मिनिटांत आलं. आपल्या प्रांजळपणाबद्दल आदर आहे, खातं खुलं करतो. पण चूक मान्य केल्यानं आधार तयार होत नाही.

केराबाईनं सगळं दाक्षायणीकडून वाचून घेतलं आणि लेकाकडं वळली. "कावळा माझ्या डोक्यावर बसला, तुझ्या न्हाई. मला इच्यारलं असतंस तर सांगितलं असतं, रविवारपत्तुर दम धर."

दाक्षायणीनं दैनिकात फोन लावला आणि यावेळी थेट केराबाईच्या हातात दिला.

"हॅलो," केराबाई म्हणाली. "मी केराबाई. व्हय, मेलेली. तूच लिवलंस व्हय रं? कितवी शिकलास? मग मेल्यालं माणूस बोलतंय व्हय कवा? ... आवाजावरून कसं वळखायचं? मग गाऊ का?" आणि तिनं खरोखरच फोनमध्ये गायला सुरुवात केली. दोन ओळी झाल्यावर फोन कानाला लावला. "ठिवला की मुडद्यानं."

गुरुवारच्या अंकात, पान सातवर, खालच्या कोपऱ्यात ओळ आली: "ज्येष्ठ ओवी गायिका केराबाई या हयात असल्याचा दावा त्यांच्या कुटुंबीयांनी केला आहे."

दाक्षायणीनं ती ओळ वाचली आणि अंक घडी न करता टेबलावर आपटला. चहा सांडला.

"काय झालं?" गुरुशांत.

"दावा! मरण छापताना दावा नव्हता. तेव्हा 'निधन झाले'. जगण्याचा मात्र दावा!"

प्रभुनं ते तत्काळ पानावर घातलं, तंतोतंत, आधारासह. आता ज्ञानकोशात केराबाई दोन प्रकारची होती: एका वाक्यात वारलेली, दुसऱ्यात हयात असल्याचा दावा असलेली. कल्लप्पांनी फोनवर सांगितलं, "वाद आहे म्हणजे. मग वादात आपण कशाला पडायचं? आहे तसं जाऊ द्या."

शुक्रवारी साडेअकराला दाक्षायणी प्रेसमध्ये शिरली. तिच्या मागून केराबाई, डोक्यावर पदर, हातात काठी. सगळ्यात शेवटी सिद्धराम, रजा टाकून आलेला. मशीन सुरू होतं. कल्लप्पा आणि कार्यकारिणीचे दोघे शेवटची मुद्रितं बघत होते. नवव्या पानावर केराबाईचा फोटो होता, त्याला छापील फुलांचा हार.

कल्लप्पांनी वर पाहिलं. एक क्षण त्यांचे हात आपोआप जुळले. मग त्यांनी ते सोडवून घेतले.

"या, या, आजी. बरं झालं आलात. तब्येत बरी दिसते," ते म्हणाले. "पण अडचण अशी की, कार्यकारिणीचा ठराव झालाय. कार्यक्रमपत्रिका कालच छापून गेली. 'चार वाजून दहा मिनिटे: कै. केराबाई यांना श्रद्धांजली, दोन मिनिटे स्तब्धता.' आता ठराव फिरवायचा तर बैठक लावावी लागेल, आणि बैठकीची नोटीस..."

"माणूस तुमच्यासमोर उभा आहे, बिराजदार," दाक्षायणी म्हणाली.

"ते दिसतंय हो. पण कागदावर..."

"ठराव म्हंजी करावाच लागतुया न्हवं?" केराबाईनं विचारलं.

"तेच तर सांगतोय, आजी."

"मग उरकून टाका की आताच." कागदांच्या गठ्ठ्यावर ती बसली. काठी गुडघ्यावर आडवी ठेवली. "दोन मिंटं माझ्यासमोर गप उभं राहावा. बघती मी, कसं राहताय ते."

कल्लप्पा हसले. दुसरं कुणी हसलं नाही. "आजी, चेष्टा करता काय?"

"चेष्टा तुमी केलीय. उठा."

मशीनवरच्या माणसानं आधी मशीन बंद केलं. त्या शांततेत कार्यकारिणीचे ते दोघे कसेबसे उठले. कल्लप्पा उभेच होते. आता त्यांचे हात दोन्ही बाजूंना गेले, मान खाली झाली. सिद्धराम दाराशी ताठ उभा. केराबाई एकेकाच्या तोंडाकडं बघत होती, बाजारात बैलाचे दात बघावेत तशी.

दाक्षायणी तेवढी उभी राहिली नाही. तिनं खुर्ची ओढली, लाल पेन काढलं आणि नववं पान पुढ्यात घेतलं. 'कै.' खोडलं. 'मरणोत्तर' खोडलं. 'गात असत' खोडून 'गातात' केलं. हारावर फुली मारून समासात लिहिलं, काढावा. 'पोकळी निर्माण झाली' हे अख्खं वाक्य गेलं. शेवटी मोकळ्या जागेत तिनं एक ओळ घातली: "केराबाई रविवारी या मंचावर स्वतः गातील." मग ती ओळ पुन्हा वाचली, एकदा, दोनदा, आणि खाली सही करून वेळ टाकली: ११.५२.

"झालं?" केराबाईनं विचारलं.

"झालं."

"बसा आता," केराबाई त्या तिघांना म्हणाली.

कल्लप्पा बसले. दाक्षायणीनं पान त्यांच्यापुढं सरकवलं आणि पेनाचं टोक सहीच्या रिकाम्या जागेवर ठेवलं. त्यांनी बैठकीबद्दल काहीतरी सुरू केलं, केराबाईकडं पाहिलं आणि सही केली.

दुरुस्त्या घालून नववं पान मशीनवर चढलं आणि मशीन पुन्हा सुरू झालं. केराबाई उठून त्याच्याजवळ गेली, बाहेर पडणारा पहिला ओला कागद दोन बोटांनी उचलून तिनं डोळ्यांजवळ धरला. वाचता येत नव्हतं, तरी बराच वेळ धरला.

"आता मी जित्ती का?"

"आता याला कुणी हात लावून दाखवू दे," दाक्षायणी म्हणाली. तिचा राग अजून उतरला नव्हता आणि तो उतरावा असं तिला वाटतही नव्हतं. तिनं तो कागद वाळायला दोरीवर टाकला आणि फोन काढून प्रभुला लिहायला घेतलं: आधार मिळाला आहे, स्मरणिका, पान नऊ. 'दावा' हा शब्द काढावा. मी वाट पाहते आहे.